बिकिनी वॅक्स, घरच्या घरी, धुळ्याच्या उन्हाळ्याआधी

आधीच सांगते, जांघेतले केस काढायलाच हवेत असं काही नाही. ते अस्वच्छ नसतात. कातडीला कातडी घासू नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय आहे, आणि कात्रीनं बारीक करून ठेवले तरी भागतं. माझी अडचण वेगळी होती. मी कॉलेजपासून रेझर वापरत आले. नोकरी सोनगीरला, म्हणजे धुळ्याहून रोज एसटी, रेक्झिनची सीट, मार्चपासूनच घामानं मांड्यांना चिकटणारी सलवार, आणि रेझरनंतर तिसऱ्या दिवशी टोचायला लागणारे खुंट. खाज सुटायची, बारीक पुळ्या यायच्या, आणि भर वर्गात फळ्यापुढे उभं असताना हात तिकडे नेता येत नाही. २०२३चा उन्हाळा असा दात-ओठ खात काढला. पुढच्या वर्षी हे नको, एवढं ठरवलं.

हात-पायांचं वॅक्सिंग मी पार्लरमध्ये करते, त्याची भीती नव्हती. पण ‘बिकिनी वॅक्स करता का?’ हे विचारायचं म्हणजे काय होतं ते आमच्याकडच्या बायकांनाच कळेल. देवपुरातल्या नेहमीच्या पार्लरवाल्या ताईंनी आवाज खाली करून सांगितलं, “आम्ही अंडरआर्मपर्यंतच करतो हो.” दुसऱ्या एका ठिकाणी करतात, पण त्या बाई आमच्या सासूबाईंच्या भिशीत आहेत. नाशिकला फोन लावला तर बाराशे रुपये, वर जाण्या-येण्याचं भाडं, आणि ताज्या वॅक्सवर तीन-साडेतीन तास बसमध्ये बसून परत यायचं. नको म्हटलं.

घरी करायचं तर आधी त्या पुळ्या नक्की कशाच्या, ते कळायला हवं होतं. म्हणून जानेवारीत स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. सकाळी नऊला फोन करून नंबर लावायचा, संध्याकाळी जायचं, आणि तरीही दीड तास बाकावर बसायचं. काउंटरवरचा मुलगा रजिस्टर उघडून सगळ्यांसमोर विचारतो, “तक्रार काय लिहू?” मी म्हटलं, “खाज.” “कुठे?” मी म्हटलं, “आत सांगते.” त्यानं मान खाली घालून रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘खाज, आत’. माझ्यामागच्या आजींनी माझ्याकडे जी नजर टाकली, तिचं वर्णन मी करणार नाही.

फी पाचशे रुपये. आत मात्र मॅडमनी दहा मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं. पुळ्या रेझरनं उलट्या दिशेला कापलेल्या कुरळ्या केसांच्या होत्या. असा केस वाढताना वळून परत कातडीत घुसतो, मग तिथे सूज येते. पाळी नियमित आहे का, हनुवटीवर किंवा छातीवर अलीकडे केस वाढलेत का, हेही विचारलं. तसं काही असेल तर वॅक्स-बिक्स बाजूला ठेवून आधी हार्मोन्स तपासायचे असतात. मग त्यांनी विचारलं, “साखर आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइन घेतलं आहे का?” शेवटच्या औषधानं कातडी इतकी नाजूक होते की वॅक्सबरोबर सोलून निघू शकते. ते बंद केल्यावरही साधारण सहा महिने वॅक्स टाळायला सांगतात. चेहऱ्यावर लावायच्या रेटिनॉलच्या क्रीमचंही तेच, जिथे लावता तिथे वॅक्स नको. मला यातलं काही नव्हतं.

दोन गोष्टी त्यांनी बजावून सांगितल्या. एक, बधिर करायचं मलम स्वतःच्या मनानं चोपडायचं नाही. नाजूक जागी ते जास्त शोषलं जातं. फारच भीती वाटत असेल तर अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉलची एक गोळी चालेल. दुसरी गोष्ट मला स्वतःला लागू पडत होती. मेडिकलवाला ‘खाज’ म्हटल्याबरोबर जी ट्यूब काढून देतो, तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण जांघेतली कातडी पातळ होत जाते आणि नायटा असेल तर आतल्या आत पसरतो. माझ्या कपाटात अशी अर्धी ट्यूब होती. घरी जाऊन फेकली.

पुळ्या बसेपर्यंत रेझर बंद, असं सांगून त्यांनी साधं लोशन दिलं. फेब्रुवारीत खरेदीला लागले. इथे माझी शिरपूरची मावसबहीण कामी आली. तिचं स्वतःचं पार्लर आहे, वयानं माझ्याहून मोठी, आम्ही सगळ्या तिला ताई म्हणतो. तिनं पहिल्या फोनवरच सांगितलं की हाता-पायांचं हनी वॅक्स आणि पट्टी तिथे वापरायची नाही. ते मऊ वॅक्स कातडीला धरतं आणि पट्टीबरोबर कातडीही ओढली जाते. नाजूक जागेला हार्ड वॅक्स, ज्याला पार्लरवाल्या कटोरी वॅक्स म्हणतात. ते जाड थरात लावायचं, ते केसांभोवती आवळतं, आणि सुकलं की त्याचीच पट्टी होते. हल्ली ते मण्यांच्या रूपात मिळतं.

मी मागवलं ते असं: ४०० ग्रॅम मणी ४६० रुपयांना, वॅक्स हीटर ८५० रुपयांना, लाकडी काड्यांचं पाकीट ९० रुपयांना. पहिला हीटर आला त्यात आतलं भांडंच नव्हतं. रिटर्न टाकला, फोटो मागितले ते दिले, मग पिकअपवाला उद्या येतो उद्या येतो करत आठवडा गेला. बदलीचा हीटर आला तेव्हा मी शाळेत, पार्सल सासूबाईंनी घेतलं. खोक्यावर हीटरचं भलंमोठं चित्र. “हाई काय मागाडं वं?” म्हणून विचारलं. म्हटलं, हाता-पायाचं वॅक्स घरीच करीन आता, पार्लरचे पैसे वाचतील. “मंग बरं शे,” म्हणाल्या आणि विषय संपला. मी उगाच तीन दिवस उत्तर तयार करत होते.

या सगळ्यात केस वाढायची वाट बघणं हाच सगळ्यात चिडचिडा भाग. वॅक्सला केस साधारण अर्धा सेंटीमीटर तरी लागतो, त्याहून आखूड असला तर वॅक्स त्याला धरतच नाही, नुसतं तोडतं. रेझरनंतर तेवढं व्हायला दोन-तीन आठवडे जातात, आणि मधला काळ खुंटांचा असतो. रोज खोबरेल तेलाचा हात आणि सुती अंतर्वस्त्रं, एवढ्यावर मी तो काढला. उलट केस खूप वाढलेले असतील तर आधी कात्रीनं कापून घ्या, लांब केस ओढला की जास्त दुखतो. आणि पाळीच्या आदल्या दोन-चार दिवसांत किंवा पाळी चालू असताना करू नका. तेव्हा तिथली कातडी जास्त हुळहुळी असते. मी तारीख तशीच धरली: रविवार, ३ मार्च.

शुक्रवारी रात्री पॅच टेस्ट. मांडीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावायचा, काढायचा आणि निदान चोवीस तास बघायचं. पुष्कळशा वॅक्समध्ये रोझिन म्हणजे झाडाची राळ असते आणि तिची अ‍ॅलर्जी काही जणींना असते. माझं थोडं लाल झालं, तासाभरात गेलं. दुसऱ्या दिवशी खाज नाही, फोड नाही. पुढे जायला हरकत नव्हती.

रविवारी सासूबाई एकवीरा देवीला गेल्या, नवरा मुलाला घेऊन मैदानावर. बाथरूमच्या बाहेरच्या खोलीत शहाबादीवर जुनी चादर, त्यावर वर्तमानपत्र, भिंतीला टेकवलेला आरसा, खिडकीजवळ उजेडात. उजेड आणि आरसा या दोन गोष्टींत कंजूषी करू नका. साबणानं धुऊन, कोरडं करून, चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावलं, म्हणजे घामाचा ओलावा राहत नाही. ताई शिरपूरहून स्पीकरवर, व्हिडिओ अर्थातच बंद.

मणी वितळायला वीसेक मिनिटं लागली. आपल्याकडची खरी गंमत इथे सुरू होते. पंखा लावला तर काडीवरचं वॅक्स कातडीपर्यंत पोचेस्तोवर आकसायला लागतं. पंखा बंद केला तर दोन मिनिटांत घाम, आणि ओल्या कातडीला वॅक्स धरत नाही. कूलर तर मुळीच नको, त्याची हवाच दमट. शेवटी पंखा आधी पाच मिनिटं फुल ठेवून अंग थंड करायचं, मग बंद करून दोन पट्ट्या, परत पंखा, असं चक्र बसवलं. सकाळी सहा-सातलाच करायचं हे त्यावरूनच ठरलं. आपल्याकडे दहानंतर भिंतीच तापतात.

वॅक्स काडीवरून थंडीतल्या मधासारखं जाड धारेनं पडलं पाहिजे. पाण्यासारखं पातळ असेल तर ते जास्त तापलंय, थांबायचं. प्रत्येक वेळी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचं, अगदी प्रत्येक वेळी, कारण हीटरचा काटा आणि भांड्यातली खरी उष्णता यांचं जमेलच असं नाही.

मग केसांची दिशा. मला वाटायचं सगळे खाली जातात. आरशात बघितलं तर वरचे खाली, कडेचे आतल्या बाजूला वळलेले, एका जागी चक्क भोवरा. वॅक्स केसांच्या दिशेनं लावायचं आणि उलट दिशेनं ओढायचं, म्हणून जागा बदलली की दिशा बदलते. पट्टी छोटी हवी, दोन बोटं रुंद आणि दोन इंच लांब, थर दोन-तीन मिलिमीटरचा. शेवटच्या टोकाला थोडं जास्त वॅक्स ठेवायचं, ओढायला पकड मिळते. अर्ध्या मिनिटात वरून हात लावला तर बोटाला चिकटत नाही पण अजून वाकतं, तीच ओढायची वेळ. आणखी थांबलं की ते कडक होतं आणि तुकडे पडतात.

पहिली पट्टी लावली आणि मी तशीच बसून राहिले. टोक धरलेलं, हात हलेना. पलीकडून ताई: “काय करी ऱ्हायनी वं?” म्हटलं, घाबरतेय. “कातडं ताणीसन धर आनि झटका दे. हळूहळू वढशी ते जास्ती दुखी.” डाव्या हातानं कातडी ताणली, श्वास सोडला आणि ओढलं.

दुखतं. खोटं सांगत नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून जे निघालं ते ताईनं ऐकलं. पण ते दुखणं तीन-चार सेकंदांचं असतं. ओढल्याबरोबर दुसऱ्या हाताचा तळवा त्या जागेवर दाबून धरायचा, कळ निम्म्यानं उतरते. हे ताईनं सांगितलं नसतं तर मी पहिल्याच पट्टीवर सोडून दिलं असतं. आणि झटका वर छताकडे द्यायचा नाही, कातडीला समांतर, जवळून न्यायचा. वर ओढलं की केस तुटतो आणि कातडीखाली रक्त साकळतं. पट्टी उलटी करून बघितली तर केसांच्या टोकाला मुळाचे पांढरे ठिपके. ते बघून जे समाधान वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितेय.

एका जागेवर एकदाच. दोन-चार केस राहिले तर राहू द्यायचे, दुसऱ्यांदा वॅक्स लावून ओढलं की कातडी सोलते. राहिलेले मोजके केस चिमट्यानं काढले. आणि कुठे थांबायचं हे आधीच ठरवून बसा. मी फक्त बाहेरची कड केली, म्हणजे आरशात स्वच्छ दिसते आणि एका हातानं ताणून धरता येते तेवढीच जागा. आतली ओलसर, गुलाबी कातडी म्हणजे श्लेष्मल त्वचा, तिच्यावर वॅक्स कधीच नाही. मागची बाजू एकटीनं नाही. तीळ, चामखीळ, जखम, पुळी असेल तिथे नाही. मधल्या भागाला कात्री, विषय संपला. ‘सगळंच काढायचं’ हा हट्ट ज्यांना करायचाय त्यांनी तो सरावलेल्या हाताकडून करून घ्यावा, माझं मत.

उजवी बाजू होत आली आणि वीज गेली. रविवार सकाळ, दुसरं काय. भांड्यातलं वॅक्स आठ-दहा मिनिटं कामाचं राहिलं, तेवढ्यात कड पूर्ण केली. डावी बाजू तशीच ठेवली आणि बुधवारी संध्याकाळी केली. मधले तीन दिवस एक बाजू अशी, एक बाजू तशी. काही बिघडत नाही, बघतंय कोण! उलट मला वाटतं पहिल्या वेळी एकच बाजू करावी. दुखण्याचा अंदाज येतो आणि घाई होत नाही.

चिकटलेलं वॅक्स पाण्यानं निघत नाही, खोबरेल तेलानं निघतं. फरशीवर सांडलेलं बर्फ लावून स्टीलच्या पट्टीनं उचकटलं. वापरलेल्या पट्ट्या कागदात गुंडाळून घंटागाडीत. मोरीत टाकाल तर प्लंबरला बोलवाल, आणि मग त्याला सांगा काय अडकलंय ते.

काम झाल्यावर स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून पाच मिनिटं, मग बिनवासाचं अ‍ॅलोवेरा जेल. कुंडीतली कोरफड थेट लावू नका, तिच्या पिवळ्या चिकानं काहींना खाज येते. त्या दिवशी गरम पाण्याची आंघोळ नाही, अंगाला साबण घासणं नाही, डिओ-पावडर नाही. दोन दिवस शरीरसंबंधही नको, हे मॅडमनीच सांगितलं होतं. उघड्या रोमरंध्रांत घर्षणानं आणि घामानं जंतू जातात. सोमवारी शाळेत लेगिंग टाळून सुती परकरावर साडी नेसले. एसटीत सीट मिळाली होती तरी सोनगीरपर्यंत उभी राहिले. शेजारच्या मॅडमना सांगितलं, पाठ धरलीय.

लाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी काही ठिकाणी बारीक लाल पुरळ दिसलं आणि पोटात गोळा आला. मॅडमनी याचंही आधी सांगून ठेवलं होतं: न दुखणारं बारीक पुरळ आपोआप बसतं, पण पू झाला, लाली पसरत गेली, जागा गरम लागली किंवा ताप आला तर लगेच यायचं. माझं बसलं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा आंघोळीत मऊ पंचानं हलकं गोल चोळायचं, म्हणजे नवा केस आत अडकत नाही. तरी एक अडकला. खाली काळा दोरा दिसत होता, सुईनं उकरायची फार इच्छा झाली. कोमट पाण्याचा बोळा धरत राहिले, तो आपला आपण वर आला.

केस परत दिसायला चारेक आठवडे लागले, आणि आले ते मऊ टोकाचे. रेझरनं केस मधूनच कापला जातो म्हणून त्याचं टोक बोथट राहतं आणि टोचतं. इथे मुळापासून नवा येतो. सगळे एकदम येत नाहीत, कारण प्रत्येक केसाचं वाढीचं चक्र वेगळं चालू असतं. म्हणून पहिल्या वेळी ‘नीट झालं नाही’ असं वाटेल, तसं नसतं.

पुढचं एप्रिलमध्ये केलं, पहाटे, उजाडता उजाडता. दुखणं कमी होतं की माझी भीती, ते नक्की सांगता येणार नाही. एप्रिल-मे मध्ये धुळ्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, पण या वेळी एसटीत खाजेनं जीव नकोसा झाला नाही.

खर्चाचं म्हणाल तर डॉक्टर धरून पहिल्यांदा एकोणीसशे रुपये झाले, म्हणजे नाशिकपेक्षा जास्तच. पण हीटर एकदाच घ्यायचा असतो, आणि एका वेळेला साठ-सत्तर ग्रॅम मणी पुरतात, म्हणजे ऐंशीएक रुपयांत काम होतं. शाळेतल्या एका मैत्रिणीनं हीटर मागितला. तिला हीटर दिला, आतलं भांडं आणि काड्या तिनं स्वतःच्या घेतल्या. नाजूक जागेचं वॅक्स आणि भांडं दोघींत वापरायचं नाही, सख्ख्या बहिणीबरोबरही नाही.

उरलेले मणी घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या गार खोलीत ठेवा. माझे गच्चीच्या खोलीत होते, मेमध्ये त्यांचा एकसंध गोळा झाला. बत्त्यानं फोडून वापरला, वितळल्यावर काही फरक वाटला नाही.